कागद चिकटवलेल्या खिडक्या

माझी थोरली जाऊ तुर्सुनोय वाऱ्याला घाबरायची. वादळाला नव्हे. वादळ आलं तर ती छपरावर चढून वाळत घातलेले जर्दाळू निवांत गोळा करायची आणि खाली उभं राहून किंचाळणाऱ्या मला वेड्यात काढायची. तिची भीती होती ती चोरट्या वाऱ्याची. दाराखालच्या फटीतून येतो, खिडकीच्या चौकटीतून येतो, मानेवर बसतो आणि माणसाला घेऊन जातो, तो वारा. आमच्या तोलझोर गावात त्याला सगळेच भितात. बसमध्ये कोणी काच खाली केली की भर उन्हाळ्यातही चार बाया एकदम ओरडतात, त्यात एक आवाज माझा असतो. पण अख्ख्या गावाची भीती एकत्र केली तरी तुर्सुनोय ओपाच्या भीतीपुढे ती कमीच पडली असती. ओपा म्हणजे थोरली बहीण. जाऊ असली तरी मी तिला तेच म्हणते, आणि ती मला नुसतं 'रोहत' म्हणते, तेही बहुतेक वेळा ओरडून.

तिची सुरुवातच भीतीने झाली. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी तिचं नाव तुर्सुनोय ठेवलं. तुर्सुन म्हणजे 'राहू दे'. रोज हाक मारताना देवाला केलेली विनवणीच ती. अशा मुलीला कसं वाढवलं असेल ते सांगायला नको. पाच वर्षांची होईपर्यंत माझ्या कानांना बाहेरची हवा माहीतच नव्हती, असं ती स्वतःच सांगते.

लग्न होऊन आमच्या घरात आली आणि रेशमाच्या अळ्यांवर तिने नाव काढलं. दर वसंतात सरकारी माणूस अंड्यांची पेटी दारात ठेवून जायचा आणि मग महिनाभर घर अळ्यांचं. अळ्या चांगल्या खोलीत, आम्ही माणसं अंगणात. तुतीच्या फांद्या तोडून हाताला घट्टे पडायचे. गावात कोणाच्या अळ्या काळ्या पडायच्या, कोणाच्या कोष न करताच मरायच्या, ओपाच्या मात्र कधीच नाही. तिची रीत ठरलेली होती. खोली कोंडून ऊबदार ठेवायची. खिडक्यांच्या फटींवर पिठाची खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या. परक्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आणि दर शुक्रवारी वाळक्या इसिरिक या रानझुडपाची धुरी द्यायची, दृष्ट लागू नये म्हणून. वीस वर्षं तिने हेच केलं आणि वीस वर्षं लोक तिच्याकडे शिकायला आले. असं शिकलेलं कोणी सहज सोडतं का?

पुढे अळ्यांचं काम बंद झालं आणि घरामागची रेशीमघराची लांबलचक मातीची इमारत रिकामी पडली. आमचे दोघींचेही नवरे रशियात बांधकामावर. एका कंपनीने आम्हाला मांसाच्या कोंबड्या वाढवायला द्यायचं कबूल केलं. एका दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं त्यांची, जागा आणि कष्ट आमचे, आणि बेचाळीस दिवसांनी गाडी येऊन सगळी घेऊन जाणार. ओपाने पिवळ्या पिल्लांच्या पेट्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अळी काय आणि पिल्लू काय. ऊब लागते, पोटभर खायला लागतं, वारं लागता कामा नये. झालं."

आणि तिने कोंबड्या अळ्यांसारख्या वाढवल्या. रेशीमघराला अकरा खिडक्या. अकराही कागदाने बंद. दिवे दिवसरात्र चालू, कारण अळी रात्रभर खाते, मग कोंबडीने का झोपावं? शुक्रवारी धुरी. धुरी दिली की दीड हजार कोंबड्या एकदम शिंकायच्या आणि ओपा खूश होऊन म्हणायची, "बघ, निघतेय दृष्ट."

मी आत गेले की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. खालचं तूस ओलं होऊन त्याच्या पोळ्या झाल्या होत्या. पाचव्या आठवड्यात कोंबड्या एवढ्या जड झाल्या की चार पावलं टाकून बसायच्या, आणि बसायच्या त्या त्याच ओल्यावर. पायांच्या तळव्यांना काळे डाग, छातीची पिसं गळून लाल झालेली कातडी, काहींचे डोळे चिकटलेले. आम्हाला वाटलं, या जातीच्या अशाच असतात. गाडीवाला म्हणाला, "हिला कुठे चालत बाजारात जायचंय?" आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला कंपनीने पशुवैद्य पाठवली. मुनोजात नाव, सव्वीस वर्षांची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि अजून लग्न नाही, त्यामुळे गावाला दोन महिने पुरेल एवढा विषय मिळाला. ती दारातून आत आली, थांबली, आणि एक कोंबडी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली. पाय धरून उलटी नाही. तिचे तळवे पाहिले. मग आम्हाला म्हणाली, "दोघी खाली झोपा."

"काय?" ओपा म्हणाली.

"खाली. पालथ्या. गाल तुसाजवळ आणा. ही जिथे श्वास घेते तिथे घ्या तुम्ही. शंभर आकडे मोजायचे."

"अगं पोरी, माझं वय शेहेचाळीस. कोंबडीपुढे साष्टांग घालायला लावतेस?"

पण झोपली. मीही झोपले. तिसाव्या आकड्याला माझ्या घशात काटे रुतल्यासारखं झालं. साठाव्याला मी उठून बसले. ओपाने शंभर पुरे केले, डोळे लाल, गालावरून धारा.

"कसं वाटलं?" मुनोजातने विचारलं.

"माझे डोळे आधीपासूनच गळके आहेत," ओपा म्हणाली आणि डोक्याच्या रुमालाने तोंड पुसत बाहेर निघून गेली.

तरी तिने त्या पोरीचं ऐकलं, हे मी सांगितलंच पाहिजे. पुढच्या खेपेला कोंबड्या कमी घेतल्या, अकराशेच. ओलं तूस रोज काढून कोरडं टाकायला लागली. रात्री सहा तास दिवे बंद. पहिल्या रात्री भुकेने मरतील म्हणून ती दाराबाहेर बसून राहिली, आणि सकाळी सगळ्या टवटवीत निघाल्यावर मलाच म्हणाली, "मी सांगत नव्हते?" पेंढ्याच्या गाठी आणून ठेवल्या. त्यांच्यावर कोंबड्या चढून बसायला लागल्या तेव्हा शेजारणी येऊन विचारायच्या, "काय तुर्सुनोय, पलंग झाले, आता रजया कधी शिवतेस?" धुरीही बंद केली, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. सगळं ऐकलं, फक्त खिडक्या सोडून.

मुनोजात यायची तेव्हा दोन खिडक्या उघड्या असायच्या. तिच्या गाडीचा धुरळा बसायच्या आत ओपा खळीचं पातेलं घेऊन हजर. मी एकदा म्हटलं, "ओपा, ती तर म्हणते या कोंडलेल्या हवेनेच त्यांचे डोळे जातात."

"तिला मूल आहे?" ओपाने विचारलं.

"नाही."

"मग तिला काय कळतंय?"

मला तिचं कारण माहीत होतं. या घरात ते सगळ्यांना माहीत होतं.

चोवीस वर्षांपूर्वी ओपाचा पहिला मुलगा गेला. उमरझोक. नावातच लांब आयुष्य घातलं होतं, आणि जगला पाच महिने. मी तेव्हा या घरात येऊन दोनच महिने झाले होते, अजून मोठ्यांसमोर मान वर करत नव्हते. थंडीचे दिवस, खोलीत कोळशाची चूल पेटलेली. ओपाचं डोकं भणभणत होतं म्हणून तिने पाळण्याजवळची खिडकी बोटभर उघडली आणि भट्टीतल्या भाकऱ्या काढायला अंगणात आली. आमची सासू, हाजार आया, खोलीत गेली, तिने खिडकी लावली, चुलीच्या धुराड्याची झडप ऊब राहावी म्हणून आत ढकलली आणि बाहेर आली. भाकऱ्या काढून होईपर्यंत बाळ गेलं होतं. "वारं बाधलं," आया म्हणाली. "हिने खिडकी उघडी टाकली." शेजारणींनी मान हलवली. मीही हलवली. त्यानंतर ओपाने कुठलीही खिडकी उघडलेली मी पाहिली नाही. पुढे तिला दोन मुली झाल्या, त्यांच्या खोलीला तर तिने तीन थर कागद लावला होता.

म्हणून मुनोजात खिडकी उघडा म्हणायची तेव्हा ओपाला काय ऐकू यायचं ते मला कळत होतं. अकराशे जीव जाणार, आणि खिडकी उघडणारी पुन्हा तीच.

त्या जानेवारीत कधी नव्हे ती थंडी पडली. नळ फुटले, डाळिंबाची झाडं हिवाळ्याआधी वाकवून मातीखाली झाकलेली होती तरी गोठली. मग घरं तापवणारा नळाचा गॅस गेला. कोंबड्या तीस दिवसांच्या होत्या. ओपाने घरातल्या दोन लोखंडी चुली रेशीमघरात नेऊन दोन टोकांना बसवल्या, धुराडी खिडकीतून बाहेर काढली आणि आजूबाजूच्या फटी कागदाने, चिंध्यांनी, पिठाने बुजवल्या. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी बाहेर उणे सतरा. कोळसा पुरवून वापरायचा म्हणून तिने सकाळच्या नमाजानंतर चुली भरल्या आणि दोन्ही झडपा अर्ध्याहून जास्त आत ढकलल्या. हे तिला कोणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको.

तासाभराने आम्ही दोघी गरम पाण्याच्या बादल्या घेऊन गेलो. दार उघडलं तर आवाजच नव्हता.

कोंबड्यांच्या घरात कधी शांतता नसते. झोपेतसुद्धा कोणी ना कोणी कुरकुरतं. त्या सकाळी मला माझ्याच बादलीतलं पाणी हिंदकळलेलं ऐकू आलं. चुलीभोवती कोंबड्या मान टाकून पडल्या होत्या. अंग फुगलेलं नाही, पिसं विस्कटलेली नाहीत, झोपल्यासारख्या. तुरे लालभडक. जिवंत कोंबडीचे नसतात इतके लाल. पलीकडच्या उभ्या होत्या त्या चोच उघडून, माना लांब करून, आणि त्यांच्याही तोंडून आवाज नाही.

तो लाल रंग मी आधी पाहिला होता. चोवीस वर्षांपूर्वी, पाळण्यात. बाळाचे गाल पाहून आयाबाया म्हणाल्या होत्या, बघा, कसा सफरचंदासारखा झोपलाय. मला एका क्षणात सगळं कळलं आणि एवढी भीती वाटली की मी ओपाकडे पाहू शकले नाही. कोंबड्या मेल्याची भीती नव्हती ती. आता हिलाही कळेल, ही भीती.

ओपाला अजून काही कळलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून एकेक कोंबडी उचलत होती. "थंडीने," ती म्हणत होती. "कुठून तरी वारं आलं. रोहत, फट शोध. कुठेतरी फट राहिलीय."

मी मुनोजातला फोन लावला. दोनदा चुकीचा लागला. मी फोन ओपाच्या कानाजवळ धरला, आवाज मोठा करून.

"ओपा, चुलीची झडप उघडी आहे का?" मुनोजातने सगळं ऐकून पहिलं हेच विचारलं.

"अर्धी लावलीय. ऊब जाते ना."

"कोळशाचा वायू कोंडलाय आत. विष आहे ते. सगळ्या खिडक्या उघडा. आत्ता. आणि आधी तुम्ही दोघी बाहेर व्हा."

"बाहेर उणे सतरा आहे, पोरी!"

"थंडीत त्या एकमेकींना चिकटून जगतील. याच्यात नाही जगणार. ओपा, ऐकताय ना? रस्ता बर्फाने बंद आहे, मी येऊ शकत नाही. तुम्हालाच उघडायला लागेल."

ओपाने फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला. आतून मुनोजात ओरडतच होती. ओपा पहिल्या खिडकीसमोर उभी राहिली, कागदावर तळवा टेकवला आणि तशीच राहिली. ओठ हलत होते.

"ओपा," मी म्हटलं, "फाडा."

"मरतील गं."

"अशाही मरतायत."

"माझ्या हाताने मरतील."

तुम्ही विचाराल, मग मी का नाही फाडला कागद? माझे हात काही बांधले नव्हते. सांगते. जिने खिडकी उघडली तिच्यावर दोष येतो, हे मी या घरात नवरी असताना पाहिलं होतं. मी चांगली चाळीस ओलांडलेली बाई, माझ्यासमोर जीव जात होते, आणि मी त्या दोषाला घाबरून हात मागे धरून उभी होते. भीती माणसाला एवढं हलकं करते.

मग माझं डोकं ठणकायला लागलं. कानात घंटा. पाय कोणी काढून घेतल्यासारखे वाटले आणि मी तुसात बसले, मग आडवी झाले. गालाला कोरडं तूस लागलं. समोर एक कोंबडी बसली होती, तिचा डोळा माझ्या डोळ्याच्या उंचीवर. ती चोच उघडून हवा ओढत होती आणि मीही. आम्हा दोघींना मिळत नव्हती. तिच्या डोळ्यात जे होतं ते मला ओळखू येत होतं, कारण माझ्याही डोळ्यात तेच असणार. ती भ्यायली होती. एवढे दिवस मी त्यांना खायला घालत होते आणि या भितात हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"रोहत!" ओपा किंचाळली.

मला बादली आपटल्याचा आवाज आला. कागदाचे थर एवढे जाड झाले होते की नखांनी निघेनात, म्हणून तिने भरलेली बादली उचलून काचेवर घातली. काच, कागद, खळ, सगळं बाहेर. थंडी आत घुसली ती सुरीसारखी, आणि मला ती गोड लागली. ओपाने माझ्या काखेत हात घालून मला फरफटत बाहेर नेलं. मी बर्फात ओकले. ती परत फिरली.

"ओपा, जाऊ नका!" मी म्हटलं, पण आवाज फुटला नाही.

मी बर्फात बसून मोजत होते. दुसरी खिडकी. तिसरी. मध्ये ती बाहेर डोकं काढून दोन घोट हवा घ्यायची आणि पुन्हा आत. चौथी, पाचवी. सहावीनंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. मग सातवी फुटली. अकराव्या खिडकीनंतर ती दारात आली, हात रक्ताने भरलेले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ऐक."

मी कान दिला. आतून एक बारीक कुरकुर आली. मग दुसरी.

त्या दिवशी आम्ही दोघी दिवसभर आतच होतो. धुराड्यांच्या झडपा पूर्ण उघड्या, चुली धडधडत. ज्या बाजूने वारा होता तिकडच्या खिडक्यांवर ओपाने स्वतःच्या लग्नातल्या रजया टांगल्या, वरचा हातभर भाग मोकळा सोडून. शेजारणींची चेष्टा खरी झाली म्हणायची. पेंढ्याच्या गाठी सोडून सगळीकडे पसरल्या. कोंबड्या थंडीने कोपऱ्यात एकमेकींवर चढायच्या आणि खालच्या चेंगरायच्या, म्हणून आम्ही सारखं फिरून ढीग मोडत होतो. ओपा दर थोड्या वेळाने थांबायची, उघड्या खिडकीकडे पाहायची, आणि तिचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा म्हणाली, "रोहत, माझी छाती फुटेल गं." पण रजई वर ओढली नाही.

दोन दिवसांनी रस्ता खुला झाला आणि मुनोजात आली. मेलेल्या कोंबड्या आम्ही बर्फात ठेवल्या होत्या, दोनशेच्या आसपास. ती वाकून एकेक पाहत गेली, काही कापून पाहिल्या. मग आत जाऊन जिवंत कोंबड्यांमधून फिरली. कोणी पेंढ्यावर बसल्या होत्या, कोणी पंख फडफडवत होत्या. तिने एकीचे तळवे पाहिले, स्वच्छ होते. आत आल्यापासून मुनोजात एकदाही शिंकली नाही, हेही मला दिसलं.

"थंडीने किती गेल्या?" ओपाने विचारलं. ती दाराशीच उभी होती, आरोपीसारखी.

"सात-आठ. त्याही चेंगरून. बाकी सगळ्या वायूने, खिडक्या उघडायच्या आधी."

"कशावरून?"

"रंगावरून. या वायूने रक्त लालभडक होतं. तुरा बघा. मेल्यावरही असं वाटतं की झोपलीय आणि तब्येत छान आहे. माणसाचंही तसंच होतं, गाल लाल होतात."

मी जमिनीकडे पाहत होते. मग ओपाने फार हळू विचारलं, "आणि वारं बाधून जो जातो, तो कसा दिसतो?"

मुनोजातला काहीच माहीत नव्हतं, पोर बिचारी. ती कोंबडी खाली ठेवत सहज म्हणाली, "वाऱ्याने असं तासाभरात कोणी जात नाही, ओपा. उलट त्या दिवशी एक जरी खिडकी बोटभर उघडी असती ना, तर बऱ्याचशा वाचल्या असत्या."

ओपाने दाराची चौकट धरली. मी पुढे झाले, पण तिने हातानेच मला थांबवलं. चेहऱ्यावर रडू नव्हतं. ती खूप लांबवर काहीतरी पाहत होती, आणि मला माहीत होतं तिथे काय आहे. पाळणा, खिडकी, ती खिडकी लावणारा एक हात. तो हात कोणाचा, हेही तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता.

पुढे रेशीमघराला जाळीच्या खिडक्या बसल्या, वर-खाली करता येतील अशा. ओपा आता रोज सकाळी आपण होऊन तुसात पालथी पडते, आणि डोळे चुरचुरले तर अजून एक खिडकी उघडते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मुनोजातची गाडी गेल्यावर ती सरळ घराकडे निघाली, कमरेला भाकरी कापायची सुरी. मी मागे धावले.

हाजार आया आता चौऱ्याऐंशीची आहे, दिसत जवळजवळ नाही. तिच्या खोलीतही गॅस गेल्यापासून कोळशाची चूल होती आणि खिडकी ओपानेच दसपट कागद लावून बंद केलेली. ओपा आत गेली, आधी झडप बाहेर ओढली, मग खिडकीशी उभी राहून सुरीने पट्ट्या कापायला लागली. चर्र, चर्र.

आया पलंगावर दचकून उठली. "कोण आहे? काय फाडताय? वारं येतंय! रोहत, कोण आहे गं?"

"मी आहे, आया," ओपा म्हणाली. "धूर कोंडतो. जराशी फट ठेवते."

"तुझी खोड काही जायची नाही," आया थरथरत म्हणाली. "त्या दिवशीही तूच उघडली होतीस खिडकी."

चोवीस वर्षांत हे वाक्य या घरात किती वेळा बोललं गेलं असेल, सांगता येणार नाही. दरवेळी ओपा मान खाली घालून खोलीबाहेर जायची. मी दाराला टेकून उभी होते. आता ती बोलणार. 'आणि तुम्ही ती लावलीत', एवढंच बोलायचं होतं तिला. म्हातारीला ते दोन दिवसही पेललं नसतं.

ओपाने सुरी खिडकीत ठेवली. आयाला खांद्याला धरून हळूच आडवं केलं, रजई कानांपर्यंत ओढली, कडा नीट खोचल्या आणि तिच्या उशाशी बसली.

"हो, आया," ती म्हणाली. "मीच उघडली होती."